व्हॅली ऑफ फ्लॉवर्स : परवान्यापासून परतीपर्यंत

उत्तराखंडमधले व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान दरवर्षी १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. या पाच महिन्यांतला नेमका कोणता आठवडा निवडायचा, हा प्रश्न आमच्या गटाने सर्वांत जास्त चघळला. जूनमध्ये वाटेवर हिमाचे ढिगारे असतात आणि फुले तुरळक. फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि नेमक्या त्याच काळात चमोली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दरडी कोसळतात. म्हणजे फुले हवी असतील तर पाऊस आणि दरडी गृहीत धरूनच बेत आखावा लागतो. आम्ही स्वातंत्र्यदिनाच्या जोडसुट्टीची गर्दी टाळून ऑगस्टचा पहिला आठवडा ठरवला, आणि परतीच्या रेल्वेच्या आरक्षणाआधी एक पूर्ण दिवस मोकळा सोडला. त्या मोकळ्या दिवसाला घरून बराच विरोध झाला, कारण रजा मोजकीच होती. पण पावसाळ्यात हिमालयात जाताना असा दिवस हातात नसला, तर माणूस बंद रस्त्यावर नको ती घाई करतो, असे माझे मत होते आणि आजही आहे.

दुसरा प्रश्न उंचीचा होता. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या माणसाला आपल्या पायांचा भरवसा असतो आणि तो खोटाही नसतो. मात्र आपले सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे आहे, आणि ज्या जोशीमठला आपण निव्वळ मुक्कामासाठी गाडीने पोहोचतो ते गावच सुमारे १,९०० मीटरवर आहे. उद्यानाच्या पायथ्याचे घांघरिया ३,०५० मीटरच्या आसपास, घाटीतली, म्हणजे फुलांच्या दरीतली, पायवाट त्याहून वर आणि हेमकुंड साहिब हे शिखांचे तीर्थस्थान तर चार हजार मीटरच्याही पलीकडे. पायांत कितीही ताकद असली तरी विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला वेळ द्यावाच लागतो. आमच्यासोबत माझ्या नणंद, आमच्या ताई, होत्या. त्यांनी साठी ओलांडलेली असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यामुळे निघण्याच्या दीड महिना आधी सर्वांनीच डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही, हेही त्यांनाच विचारले, कारण सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी ती गोळी स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे ठरू शकते आणि प्रवासी मंडळी ती एकमेकांना सर्रास खाऊ घालतात.

हरिद्वारहून आम्ही पहाटे पाचला निघालो. जोशीमठपर्यंतचे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे, पण दिवस संपूर्ण त्यातच जातो. रात्री पहाडी रस्त्यावर गाडी नेणे शहाणपणाचे नाही आणि तिथे त्यावर निर्बंधही असतात. चालकाला आम्ही आधीच सांगून ठेवले होते की उशीर झाला तर वाटेत पिपळकोटीला थांबू, पण अंधारात पुढे जायचे नाही. दरडीच्या पट्ट्यात गाडी थांबलीच तर उतरून छायाचित्रे काढू नयेत, हेही त्याच्याचकडून कळले. पाऊस थांबून ऊन पडल्यावरसुद्धा सुटलेले दगड तासन्‌तास खाली येत राहतात. जोशीमठला एटीएममधून पुरेशी रोकड काढून घेतली. पुढे नेटवर्कचा भरवसा नसतो आणि घांघरियात रोख पैशांवाचून अडते.

जोशीमठच्या पुढच्या गोविंदघाटहून पुलनापर्यंतचे चार किलोमीटर सामायिक जीपने जाता येते. तिथून घांघरियापर्यंत सुमारे दहा किलोमीटर चालत, आणि त्यात हजार मीटरच्या आसपास चढ आहे. हीच वाट हेमकुंडाच्या यात्रेकरूंची असल्यामुळे तिच्यावर खेचरांची अखंड ये-जा असते. पाऊस, शेण आणि चिखल यांनी दगडी फरशी इतकी निसरडी होते की काठीवाचून चालणे कठीण. घुंगरांचा आवाज आला की आम्ही सगळे डोंगराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभे राहत होतो. पुष्कळजण नदीचे दृश्य दिसते म्हणून दरीच्या कडेला सरकतात. ओझ्याने भरलेल्या खेचराच्या पाठीवरचे पोते दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेले असते, त्याचा नुसता धक्काही माणसाला खाली ढकलायला पुरतो. सामानासाठी आम्ही पुलन्यातूनच एक नेपाळी भाऊ ठरवला, दर आधीच पक्का केला, आणि ओझे त्याला सहज पेलेल इतकेच दिले.

वाटेत भ्यूंदार गाव लागते. जून २०१३ च्या महापुरात लक्ष्मण गंगेने या गावाची आणि जुन्या वाटेची दाणादाण उडवली. त्यानंतर पुलापलीकडून नवी वाट काढली गेली आणि ती शेवटच्या टप्प्यात जुन्या वाटेपेक्षा अधिक अंगावर येते. ताईंनी तिथे दर पन्नास पावलांवर थांबण्याचा नियम लावून घेतला आणि आम्हीही तो पाळला. दम लागेपर्यंत चालून मग दहा मिनिटे बसकण मारण्यापेक्षा, दम लागण्याआधी उभ्या-उभ्या अर्धा मिनिट थांबणे उंचीवर फार उपयोगी पडते.

आधी घाटी की आधी हेमकुंड, याबद्दल घांघरियात प्रत्येकजण वेगळा सल्ला देतो. आम्ही आधी घाटी ठरवली, कारण तिची उंची कमी आणि त्यामुळे शरीराला एक जास्तीची रात्र मिळते. परवान्याचे काम सोपे होते. घांघरियाच्या पुढे थोड्या अंतरावर वाट फुटते, एक हेमकुंडाकडे आणि एक उद्यानाकडे; वनखात्याच्या चौकीवर ओळखपत्र दाखवून, शुल्क भरून परवाना घेतला आणि नोंदवहीत नावे लिहिली. बाहेर पडताना त्याच चौकीवर परतल्याची नोंद होते. सकाळी सातला आत सोडायला सुरुवात होते, दुपार झाल्यावर प्रवेश बंद होतो आणि संध्याकाळी पाचपर्यंत सर्वांनी बाहेर यायचे असते. आत तंबू ठोकता येत नाही, खेचरे नेता येत नाहीत, खाण्यापिण्याची दुकानेही नाहीत. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी कंडी मिळते, म्हणजे पाठीवरच्या वेताच्या खुर्चीवजा टोपलीत बसवून नेणारा माणूस. या नियमांना कंटाळून कुरकुर करणारे पुष्कळ भेटले. मला मात्र ती नोंदवही फार मोलाची वाटली, कारण रात्री कोणी आत राहिले असेल तर ते कळण्याचा दुसरा मार्गच तिथे नाही.

आम्ही आपापसांत आणखी एक नियम केला होता : दुपारी एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे, पुढचे वळण कितीही मोहात पाडो. दुपारनंतर ढग उतरतात, पाऊस लागतो आणि सकाळी घोटा बुडेल इतक्या पाण्याचे ओढे परतताना गुडघ्याशी येऊन भिडतात.

चौकीपासून वाट आधी उतरते, पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडते आणि मग भोजपत्राच्या झाडांमधून चांगली तीव्र चढते. या झाडांची साल पापुद्र्यांसारखी आपोआप सुटलेली असते, आणि हाताच्या उंचीवर जवळजवळ प्रत्येक खोडाची ती ओरबाडलेली दिसली. चढ संपल्यावर घाटी एकदम उघडते. पायवाट मात्र जेमतेम एका माणसाच्या रुंदीची, आणि दोन्ही बाजूंना खांद्याला लागणारी गुलाबी फुले. ती तेरड्याच्याच कुळातली आहेत हे कासच्या पठारावर जाणाऱ्याला लगेच ओळखू येते, फक्त आपला तेरडा घोट्याशी आणि हा मानेशी. निळी हिमालयी पॉपी दिसली ती एका ओल्या खडकाच्या बेचक्यात, चार पाकळ्या आणि देठभर बारीक काटे. तिच्याजवळ पोहोचायला वाट सोडून चार-पाच पावले चढावे लागले असते. तिथे अगोदरच कोणाच्या तरी बुटांनी चिखलाची एक पट्टी तयार केली होती आणि तिच्यात चिरडलेली रोपे पडली होती. आम्ही पायवाटेवरूनच, छायाचित्र भिंगाने जवळ आणून काढले. तसे ते फारसे चांगले आले नाही.

पायवाट न सोडण्याचा नियम केवळ फुलांसाठी आहे असे समजू नये. गुडघाभर वाढलेल्या ओल्या गवताखाली उतार किती आहे, दगड सुटा आहे की पक्का, हे वरून दिसतच नाही. घाटीत जोन मार्गारेट लेगी या इंग्रज वनस्पती-अभ्यासिकेची समाधी आहे. लंडनच्या क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या वतीने त्या १९३९ मध्ये इथे आल्या होत्या आणि वनस्पती गोळा करताना उतारावरून घसरून त्यांचा मृत्यू झाला. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना भ्यूंदार खिंडीतून इथे उतरले आणि त्याच्या लेखनामुळे ही घाटी जगाला माहीत झाली, हे सगळेच सांगतात. प्रवाशाने पाहावी ती मात्र लेगीबाईंची समाधी, असे मला वाटते.

समाधीकडे जाणाऱ्या फाट्याच्या अलीकडे काही स्थानिक माणसे एक उंच, पांढऱ्या तुऱ्याची वनस्पती मुळासकट उपटून ढीग लावत होती. ती पॉलिगोनम, स्थानिक लोक तिला अमेला म्हणतात. ती इतकी फोफावते की छोट्या फुलझाडांना ऊन मिळत नाही, म्हणून वनखाते ती दरवर्षी काढून टाकते. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर इथली मेंढ्यांची चराई बंद करण्यात आली, आणि त्यामुळेच ही वनस्पती माजली असे भ्यूंदार-पुलनाच्या लोकांचे म्हणणे आहे. अभ्यासकांमध्ये याबद्दल एकमत नाही. २००५ पासून हे ठिकाण नंदादेवी उद्यानासह जागतिक वारसास्थळ आहे, तेव्हा चराई सहजासहजी परत सुरू होणार नाही. पण ज्यांच्या कुरणांवर बंदी आली त्यांचीच माणसे आज मजुरीवर ते कुरण निंदत आहेत, हे पाहून मला थोडे अवघडल्यासारखे झाले.

कचऱ्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. घांघरियातच आम्ही बिस्किटांची आणि चिक्कीची वेष्टने काढून खाऊ डब्यात भरला होता, म्हणजे आत नेण्यासारखे प्लास्टिकच उरले नाही. पाण्याच्या बाटल्या घरच्या. केळ्याची साल टाकली तर काय बिघडते, ती कुजून जाईल, हा आपला सह्याद्रीतला हिशेब तिथे चालत नाही. थंडीमुळे ती फार हळू कुजते आणि तिच्या वासाने जनावरे वाटेकडे येतात. घाटीत काळे अस्वल आहे, हिमबिबट्या आणि कस्तुरी मृगही आहेत, जरी ते दिवसा माणसांना सहसा दिसत नाहीत. आत स्वच्छतागृह नाही. त्यामुळे सकाळी घांघरियात सगळे उरकून निघावे, आणि वेळ आलीच तर ओढ्यापासून निदान साठ-सत्तर पावले दूर जाऊन कागद पिशवीत बांधून परत आणावा. बायकांना हे विशेष अडचणीचे जाते आणि त्यासाठी कित्येकजणी पाणीच पीत नाहीत. उंचीवर ते सर्वांत घातक, म्हणून मी ताईंच्या मागे घोट-घोट पाणी पिण्याचा लकडा लावला होता.

इतके करूनही त्या संध्याकाळी ताईंचे डोके दुखू लागले आणि जेवणावरची इच्छा उडाली. उलटी नव्हती, श्वास नीट होता, सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून त्यांना चालता येत होते. त्यामुळे रात्र तिथेच काढायची, आणि तोल जाऊ लागला किंवा उलट्या सुरू झाल्या तर रात्रीच माणसे करून खाली न्यायचे, असे ठरवले. सकाळी डोकेदुखी उतरली होती, तरी हेमकुंडाचा सहा किलोमीटरचा उभा चढ त्यांना करू दिला नाही. "इतक्या लांब येऊन दर्शन नाही?" असे त्यांनी एकदाच विचारले, मग माझ्या यजमानांसोबत गुरुद्वाऱ्यात लंगरची भांडी घासायला गेल्या.

गटातले आम्ही दोघेजण हेमकुंडाला जाऊन आलो. वर रात्रीच्या मुक्कामाला परवानगी नसल्याने दुपारीच उतरावे लागते. ब्रह्मकमळ घाटीतल्या पायवाटेवर दिसत नाही, ते या चढाच्या वरच्या भागात दगडांतून उगवलेले दिसते. उत्तराखंडचे हे राज्यफूल वाहण्यासाठी म्हणून हात लांबवून तोडणारे भाविक पाहिले. एका काकांना मी नम्रपणे सांगून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले आणि तरी एक फूल तोडलेच.

परतताना जोशीमठच्या खाली दरड आलेली होती. यंत्रे मलबा काढत होती, दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, आणि काही तरुण मंडळी दगडांतून उड्या मारत पायी पलीकडे जात होती. आम्ही पोलिसांनी सांगितलेल्या जागी थांबलो, अंधार पडू लागल्यावर मागे वळून जवळच्याच एका घरगुती मुक्कामाच्या जागी राहिलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाट मोकळी झाल्यावर निघालो. राखीव दिवस त्यात पुरता खर्ची पडला आणि रेल्वे वेळेवर मिळाली. ज्यांना रजेत असा दिवस बसवता येत नसेल, त्यांनी सप्टेंबरचा मध्य उलटल्यावर जावे. तेव्हा बहर ओसरलेला असतो, पण पाऊस आणि दरडी दोन्ही कमी झालेल्या असतात आणि शिखरे स्वच्छ दिसतात.