कुणीतरी म्हटलेच आहे

शाळेतल्या फळ्याचा वरचा पट्टा हा मराठी माणसाच्या आयुष्यातला पहिला सुविचारसंग्रह असतो. डाव्या कोपऱ्यात वार आणि दिनांक, उजव्या कोपऱ्यात पट आणि हजर संख्या, आणि या दोहोंच्या मध्ये वर्गातल्या सर्वांत वळणदार अक्षराच्या मुलीने रंगीत खडूने लिहिलेला 'आजचा सुविचार'. तास बदलला की गणिते पुसली जातात, नद्या आणि पर्वत पुसले जातात. पण त्या पट्ट्याला डस्टर लावायचे नाही, हा नियम कोणी न सांगताही सगळ्यांना ठाऊक असतो. शिकवणे कंटाळवाणे झाले की नजर आपोआप तिकडे वळते. त्यामुळे पुस्तकातले पुष्कळसे विसरलेली माणसेसुद्धा चाळिशीनंतर फळ्यावरच्या चार-दोन ओळी बिनचूक म्हणून दाखवतात.

त्या ओळींखाली नाव असे क्वचितच. सकाळच्या परिपाठात सुविचार सांगणारा विद्यार्थीही थेट वाक्यच म्हणून मोकळा होत असे आणि ते कोणाचे, हा प्रश्न गुरुजींनाही पडत नसे. मोठेपणी ही सवय उलटी होते. आता वाक्याआधी नाव लागते, कारण नावाशिवाय वाक्याला वजन नाही अशी आपली समजूत झालेली असते. जिल्ह्याच्या ठिकाणी कोणत्याही सत्कार समारंभाला जाऊन बसावे. सूत्रसंचालकाच्या हातातल्या वहीत अशा वाक्यांचा साठा असतो. ज्यांची नावे आठवतात ती तो नावानिशी सादर करतो, आणि नाव आठवले नाही की क्षणाचाही विलंब न लावता 'कुणीतरी म्हटलेच आहे' असे म्हणून पुढे जातो. हा 'कुणीतरी' मराठीतला सर्वांत बहुप्रसव लेखक असावा, आणि त्याच्या मानधनाचा प्रश्न अद्याप कोणी उपस्थित केलेला नाही.

फळ्यावर हमखास येणाऱ्या ओळींमध्ये एक ओळ मला नेहमी विचारात पाडते. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.' परीक्षा जवळ आली की ही ओळ उगवणारच. चिकाटीने झटले तर अशक्यही शक्य होते, असा तिचा अर्थ आपण सगळ्यांनी घेतला, निबंधात वापरला आणि त्यावर गुणही मिळवले. आता ज्या श्लोकातून ही ओळ आली तो श्लोक पाहावा. भर्तृहरीच्या नीतिशतकात मूर्खांविषयीचे जे श्लोक आहेत त्यांतला हा एक, आणि आपल्या तोंडी बसलेले त्याचे मराठी रूप वामन पंडितांच्या नावे ओळखले जाते. कवी म्हणतो की एक वेळ वाळू रगडून तेल निघेल, एक वेळ मृगजळाने तहान भागेल, रानात भटकता भटकता सशाचे शिंगही सापडेल. पण हटवादी मूर्खाचे मन वळवणे कोणाला साधायचे नाही. म्हणजे श्लोक प्रयत्नांच्या कौतुकाचा नसून प्रयत्न कुठे वाया जातात हे सांगणारा आहे. पहिल्या तीन ओळी चौथ्या ओळीला उंची यावी म्हणून रचलेल्या आहेत, आणि आपण चौथी ओळ काढून टाकून पहिलीची पूजा मांडली.

तरीही ही ओळ फळ्यावरून पुसावी असे मला वाटत नाही. गणितात गटांगळ्या खाणाऱ्या एखाद्या मुलाने ती वाचून पुन्हा एकदा वही उघडली असेल, तर त्या क्षणी भर्तृहरीला काय म्हणायचे होते हे त्याच्या काय कामाचे? ओळ तोडली गेली, तिचा अर्थ उलटला, आणि त्या उलट्या अर्थाने तिने पिढ्यान्‌पिढ्या चांगले काम केले. एवढे मात्र खरे की ऐन दुपारच्या तासाला, मागच्या बाकावरच्या अवली पोरांसमोर घसा कोरडा करणाऱ्या गुरुजींना श्लोकाची चौथी ओळच अधिक पटली असती, आणि ती नेमकी फळ्यावर नव्हती.

भर्तृहरीचे नाव निघालेच आहे, तर त्याच्या बाबतीत काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. नीती, शृंगार आणि वैराग्य अशी त्याची तीन शतके. हिशेबाने श्लोक तीनशेच्या आसपास असायला हवेत. गोव्यात कोसबें येथे जन्मलेले आणि पेशाने गणिती असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८ साली या श्लोकांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा भर्तृहरीच्या नावावर फिरणारे आठशेहून अधिक श्लोक त्यांच्यासमोर आले. हस्तलिखितांच्या सर्व परंपरांना मान्य असा त्यातला गाभा सुमारे दोनशे श्लोकांचा निघाला. उरलेले कोणी रचले ते कळायला मार्ग नाही. कोणा पाठशाळेतल्या शिक्षकाला, कोणा लेखनिकाला एखादा श्लोक आवडला, त्याची जातकुळी भर्तृहरीची वाटली आणि त्याने तो पोथीत बसवून टाकला. पुढच्या लेखनिकाने तो इमानाने उतरवून घेतला. यात कोणाला फसवण्याचा हेतू नसावा. चांगले वाक्य चांगल्या घरी पडावे, एवढीच इच्छा असावी.

व्हॉट्सअॅपवर आज जे चालते त्याला आपण नव्या काळाचे पाप समजतो, पण हा उद्योग ताडपत्रांइतका जुना आहे. वेग तेवढा वाढला. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले आणि व. पु. काळे २००१ मध्ये. मात्र दोघांच्याही नावावर नवनवीन मजकूर आजतागायत येतच असतो, आणि त्यातल्या काहींमध्ये मोबाइलवर डोके घालून बसणाऱ्या आजच्या पिढीविषयीचे चिंतनही असते. लग्न, नाती, एकटेपणा यांवरचे हळवे वाक्य असेल तर ते वपुंकडे जाते, कोपरखळी असेल तर पुलंकडे, आणि जिद्दीचे असेल तर डॉ. कलामांकडे. टपाल खात्याला हेवा वाटावा अशी ही वाटणी आहे.

भर्तृहरीच्या लेखनिकाला मी जितक्या सहज माफ करतो तितक्या सहज या वाटणीला करवत नाही. वाक्य तोडणे, त्याचा अर्थ वाकवणे, ते आपल्या प्रसंगाला लावून घेणे हा वाचकाचा व्यवहार आहे आणि तो चालायचाच. परंतु नाव चिकटवणे म्हणजे गेलेल्या माणसाची सही वापरणे होय. एखाद्या वाक्याखाली आंबेडकरांचे किंवा विवेकानंदांचे नाव दिसले की समोरच्याचा विरोध अर्ध्यावर मावळतो, आणि नाव चिकटवणाऱ्याला नेमके तेच हवे असते. वाक्यात दम असता तर सहीची गरज पडली नसती.

या सगळ्यात मला सर्वांत रंजक वाटते ती गोष्ट मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगलेली असते. महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत ती आहे. एका बाजूला ढालींचे आणि करंडकांचे काचेचे कपाट, दुसऱ्या बाजूला वेळापत्रकाचा तक्ता, आणि खुर्चीच्या मागे चौकटीत 'अब्राहम लिंकन यांचे हेडमास्तरांना पत्र'. आपल्या मुलाला काय काय शिकवा, हे एक बाप त्यात शिक्षकाला सांगतो आहे: हार स्वीकारायला शिकवा, फसवून मिळवलेल्या यशापेक्षा सरळ आलेले अपयश बरे हे शिकवा, गर्दीमागे धावू नये हे शिकवा. प्रवेशासाठी मुलाला घेऊन आलेल्या किती आईबापांनी मुख्याध्यापकांची वाट पाहताना ते पत्र वाचले असेल आणि काही मिनिटांपुरते का होईना, टक्केवारीचा विषय मनातून काढला असेल.

मात्र लिंकनच्या संग्रहित लेखनात असे पत्र नाही, आणि अभ्यासक ते त्याचे मानत नाहीत. ज्या लिंकनचे स्वतःचे शालेय शिक्षण सगळे मिळून जेमतेम वर्षभराचेही भरत नव्हते, त्याच्या नावावर आपल्याकडे शिक्षणविषयक सर्वांत लोकप्रिय मजकूर जमा व्हावा, हा योगायोगही लक्षात राहण्याजोगा आहे. मूळ मजकूर कोणा अनामिकाचा. पण त्या अनामिकाइतकेच, किंबहुना त्याच्याहून अधिक, देणे मराठी वाचक लागतो ते वसंत बापटांचे. मराठीत ते पत्र ज्या रूपात घरोघर पोचले ते रूप त्यांचे आहे. त्यातली लय, बापाच्या आवाजातला तो आर्जवी ठामपणा, मोठ्याने वाचताना कुठे थांबावे हे सांगणारी ओळींची मांडणी, हे सारे कवीच्या कानाने घडवलेले आहे. चौकटीत लिंकनचे नाव ठळक असते. बापटांचे असलेच तर खाली बारीक अक्षरांत. ज्याने लिहिले नाही त्याला मोठा मान आणि ज्याने मराठीत घडवले त्याला कोपरा, असा हा हिशेब आहे. मला विचाराल तर लिंकनचे नाव काढले तरी त्या मजकुराचे काही बिघडणार नाही, इतका तो मराठीत पायावर उभा आहे. पण नाव नसते तर तो चौकटीपर्यंत पोचला असता का, याचे उत्तर मी छातीठोकपणे देऊ शकत नाही.

नाव नसलेल्या वाक्यांची मिजास वेगळी असते. किराणा दुकानातला 'आज रोख, उद्या उधार' हा फलक घ्या. तो कोणी प्रथम लिहिला याची नोंद नाही, आणि नोंद असती तर तो निकामी झाला असता. दुकानदाराला रोजच्या गिऱ्हाईकाच्या तोंडावर नाही म्हणणे जड जाते. फलक त्याच्या वतीने नाही म्हणतो, तेही गिऱ्हाईकाला किंचित हसवून. गल्ल्यामागचा माणूस नुसता वर बोट दाखवतो आणि संबंध शाबूत राहतात. इथे निनावीपणा हीच वाक्याची खरी ताकद आहे, कारण ज्याला जाब विचारावा असा कोणी समोर नसतो.

घरात हेच काम म्हणी करत आल्या. एकत्र कुटुंबात ज्या गोष्टी सरळ बोलता येत नसत, त्या म्हणीच्या आडून बोलल्या जात. तांदूळ निवडता निवडता आजी सुपाकडे पाहतच 'नाचता येईना, अंगण वाकडे' असे पुटपुटली, की स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज किंचित वाढे. पण भांडण होत नसे, कारण आजीने कोणाचे नाव घेतलेले नसे आणि म्हण तर काय, पूर्वापार चालत आलेली. या युक्तीलाही मराठीने म्हणीतच पकडून ठेवले आहे: लेकी बोले, सुने लागे. इथे थोर पुरुषाचे नाव आणून चालत नाही. 'समर्थांनी म्हटले आहे' असे म्हणून सुनेला टोमणा मारता येत नाही. त्याला प्रवचनाचा वास येतो आणि नेम चुकतो.

प्रसिद्ध आणि निनावी यांच्यातली सीमारेषा आपण समजतो तितकी जाड नाही, हे बहिणाबाई चौधरींकडे पाहिले की पटते. अक्षरओळख नसलेली ही शेतकरी बाई जात्यावर, शेतात, चुलीपुढे गाणी रचत होती. मुलगा सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी जमेल तशी ती उतरवून घेतली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः कवी होते म्हणून त्यांना त्या ओळींचे मोल कळले. ते नसते, वही नसती, तर खानदेशातल्या बायका त्यांतल्या दोन-चार ओळी 'आमची आजी म्हणायची' म्हणून सांगत राहिल्या असत्या आणि आपण त्यांना लोकगीत म्हणून मोकळे झालो असतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांचे मूळ रचणारे हात कोणाचे हे सांगता येत नाही, पण गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव त्यांनी टिपून ठेवले. वाक्य कोणाचे, या प्रश्नाला मला माहीत असलेल्यांपैकी हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे: रचले कोणी ते ठाऊक नाही, आमच्यापर्यंत आणले ते हिने.

बहिणाबाईंच्या ओळींचा मात्र उलटा प्रवास सुरू झालेला दिसतो. 'अरे संसार संसार' हे शब्द आता फ्रिजवरच्या चुंबकांवर असतात, चहाच्या कपांवर असतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांखाली नाव नसते. पुष्कळांना ती म्हणच वाटते. मध्यंतरी एका लग्नपत्रिकेवर त्या छापलेल्या पाहिल्या. वर गणपती, खाली स्वस्तिक, आणि मधोमध सोनेरी अक्षरांत संसार आणि चुलीवरचा तवा. पुढची हाताला बसणाऱ्या चटक्यांची ओळ गाळलेली होती. निमंत्रितांमध्ये दोन्हीकडची मंडळी असल्यामुळे ती गाळण्यात यजमानांनी व्यवहारच पाहिला असावा.