पाथीभरा: दर्शनाला जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

“सकाळी निघा, दर्शन घ्या, संध्याकाळी खाली.” टूरवाल्याने असं सांगितलं आणि ते साफ खोटं निघालं. पूर्व नेपाळच्या ताप्लेजुंग जिल्ह्यातलं पाथीभरा देवीचं देऊळ ३,७९४ मीटरवर आहे. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचली तरी तिथवर पोचत नाही. खालच्या फुंगलिंग बाजारातून थेट वर निघालात तर डोकं ठणकायची शक्यता मोठी. आदली रात्र वाटेतल्या सुकेटार किंवा काफ्लेपाटीला काढा.

येतानाच्या रस्त्यावरचे इलामचे चहाचे मळे, फिदिमपर्यंतचा घाट वगैरे छान आहे. पुढे चला.

जीपवाल्याने भाडं सांगितलं की आधी विचारा: एनसी की आयसी? म्हणजे नेपाळी की भारतीय रुपये. शंभर भारतीय म्हणजे एकशेसाठ नेपाळी. ‘हजार’ एनसीत असतील तर आपले सव्वासहाशे होतात. आम्ही दिले ते आपले हजार, आणि बसल्यावर कळलं की शेजारचा नेपाळी प्रवासी त्याच सीटचे नेपाळी हजार देऊन आलाय.

काफ्लेपाटीनंतर पायीच. शेवटचा चढ म्हणजे पायऱ्या, पायऱ्या, नुसत्या पायऱ्या. धुक्यात वरचं काही दिसत नाही, ओल्या दगडावर पाय सरकतो, आणि बळीचा बोकड खांद्यावर घेतलेला माणूस चपलांवर आपल्याला मागे टाकून जातो. इथे मी देवीला सोडून सगळ्यांना शिव्या दिल्या. पहाटेच निघा, दुपारी ढग भरतात. सकाळी स्वच्छ असेल तर कांचनजंगा आणि कुंभकर्ण ही शिखरं दिसतात, आम्हाला दिसले नाहीत.

सगळ्यात मोठी फसवणूक मात्र भाड्याची नव्हे, माहितीची. ‘दुर्गेचं जागृत ठाणं’ एवढंच ऐकून आलो होतो. वाटेतल्या टपरीवर चहा देणाऱ्या लिंबू जमातीच्या दिदी शांतपणे म्हणाल्या, “हे मुक्कुमलुंग. आमच्या युमाचं.” लिंबू हे किरातांपैकी, म्हणजे पूर्व नेपाळच्या मूळ रहिवाशांपैकी एक. त्यांची परमशक्ती तागेरा निंग्वाफुमा निराकार, आणि युमा हे तिचंच आजीचं रूप. पूजेचं सगळं मुंधुम या मौखिक परंपरेत, म्हणजे फेदाङ्मा पुजाऱ्याच्या तोंडी. देऊळ, मूर्ती, दुर्गा हे थर नंतर चढले असं लिंबूंचं म्हणणं, आणि मला ते पटलं. किरातांपैकीच राई लोकांच्या पारुहाङ-सुम्निमा या दैवत जोडप्याला असंच शंकर-पार्वती म्हणून टाकतात. महाभारतात शंकर अर्जुनासमोर किराताचा ‘वेश’ घेऊन येतो. वेश कुणाचा आणि मूळ कोण, हे किरातांना कुणी विचारलंय? आपल्याकडे धनगरांच्या खंडोबाचा मार्तंडभैरव झालाच की.

हे नुसतं पुराण नाही. डोंगरावर केबल कार आणण्याला बऱ्याच लिंबूंचा विरोध आहे. २०२५ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक जखमी झाले. त्यामुळे ‘केबल कार झाली की येऊ’ हे तिथे मोठ्याने बोलू नका. आमच्या गटातला एक बोलला, आणि टपरीतलं बोलणं तिथेच थांबलं.

मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा. थंडीत वर बर्फ असतो. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. पाणी खालूनच भरा, वर महाग. बोकड कापलेले बघवत नसतील तर बळीच्या जागेकडे जाऊ नका. गुडघे दुखत असतील तर हा डोंगर सोडा, इलामला राहा. उतरताना काठी हवीच.