फणसाखालचा कोपरा आणि आमची नर्सरी

आमच्या बेळगावजवळच्या देसूरच्या घरामागं मोठा फणस आहे, त्याच्या खाली काहीच यायचं नाही. तेव्हा मी आणि माझी जाऊ दोघी मिरची, कोबी, झेंडूचा तरवा, म्हणजे लावायची कोवळी रोपं, करून विकत होतो आणि एकदा जागा कमी पडली म्हणून चार ट्रे फणसाखाली ठेवले, तर रोपं उजेडाकडं माना लांब करून लुकडी झाली आणि आडवीच पडली, सगळा तरवा गेला. त्याच कोपऱ्यात जाऊबाईनं मनी प्लांट आणि सिंगोनियमच्या फांद्या पेराखाली कापून जुन्या डब्यांत खोचल्या होत्या, त्या मात्र दोन पावसाळ्यांत अशा माजल्या की तरवा न्यायला आलेली माणसं तीच मागायला लागली. सावलीच्या झाडांकडं आम्ही वळलो ते असं.

बेळगावात गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. टिळकवाडी, कॅम्पातल्या जुन्या घरांत आंब्या-फणसाची सावली आणि नवीन वस्तीत तीस बाय चाळीस फुटांच्या साईटवर, म्हणजे प्लॉटवर, शेजारच्या भिंतीची. निम्मे लोक कन्नडमधूनच विचारतात, नेरळिगे याव गिड छलो, म्हणजे सावलीला कुठलं झाड चांगलं? आम्ही उलट विचारतो, सावली कुणाची, झाडाची की भिंतीची? कारण दोन्हीत फार फरक आहे.

तो फरक आम्ही नुकसान सोसून शिकलो. पहिलं मोठं काम मिळालं ते डिसेंबरात, एका काकूंच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला. दिवसभर गार सावली बघून आम्ही नेचे, कॅलाथिया, पीस लिली भरून लावली, काकू खूश, आम्ही पण. एप्रिल संपता संपता त्यांचा फोन, "अगं पोरींनो, पानं भाजल्यासारखी झाल्यात, येऊन बघा." गेलो तर झाडांवर भर दुपारचं ऊन. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा दहा फुटी भिंतीची भर दुपारी आठेक फूट सावली पडते, पण आपल्या बेळगावात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भिंतीची सावलीच उरत नाही, तिथनं ऑगस्टपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडं. पावसाळ्यात ढग असतात म्हणून जाणवत नाही, जाळतो तो एप्रिल-मे. सगळी झाडं आम्ही आमच्या खर्चानं बदलून दिली, वर्षभराची कमाई त्यातच गेली, पण काकूंनी आम्हाला सोडलं नाही, हे मी कधी विसरणार नाही.

तेव्हापास्नं उत्तरेच्या भिंतीला आम्ही स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, स्पायडर प्लांट असली सोसणारी झाडं देतो आणि नाजूक पानाची हवीच असली तर एप्रिल-मे दोन महिने शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, बांधा म्हणून सांगतो.

आंब्याखालची अडचण वेगळी. तिथं उजेड झिरपत असतो, पण जमीन कोरडी, कारण बारीक पाऊस पानांवरच अडतो आणि खालचं पाणी मुळ्या ओढून घेतात. लोक खोडाभोवती मातीचा ढीग करून बाग करायला बघतात, तसं करू नका, मुळ्या गुदमरतात आणि खोड कुजतं. तिथं कुंड्याच ठेवा. आमचं मिश्रण म्हणजे दोन वाटे लाल माती, एक वाटा शेणखत, एक वाटा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि खानापूरकडच्या गिरणीतलं भाताचं जळकं तूस, पाणी धरून पण राहतं आणि निचरा पण होतो.

पाण्याचं तर रोज सांगावं लागतं. सावलीत माती लवकर वाळत नाही, उन्हातल्या जास्वंदीसारखं रोज घातलं की मुळ्या कुजतात, बोट घालून बघा, वरची दोन पेरं कोरडी लागली तरच घाला. आणि कॅलेडियम थंडीत पानं जाऊन बसलं की लोक मेलं म्हणून कुंडी टाकून देतात, बघून जीव तुटतो, कंद झोपलेला असतो हो, पाणी बंद करून कोपऱ्यात ठेवा, वळवाचा पाऊस झाला की कोंब वर येतो. लहान पोरं असतील तर डिफेनबेकिया आम्ही विकतच नाही, त्याचं पान चावलं की तोंड सुजतं.

आता जाऊबाईनं फणसाखाली वेलची लावल्या आणि खोडावर काळी मिरी चढवल्या, मिरीनं मूळ धरलंय, वेलची अजून बघतोय. कुणाला झाडं हवी असतील तर जागेचे तीन फोटो घेऊन या, सकाळी नऊचा, दुपारी एकचा, चारचा, आणि भिंत कुठल्या दिशेची ते तेवढं सांगा.