तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या क्लासात कबुतर का नाही

पालक हमखास विचारतात, "बाई, मुलं तुमच्याकडे चित्रं काढतात, लिहितात, ते ठीक. पण त्यातून सहिष्णुता, संस्कार कसे येणार? आणि मग 'सर्वधर्मसमभाव' पोस्टर स्पर्धेला का नाही पाठवत?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं, ते आधी. असा विषय फळ्यावर लिहिला की पाऊण तासात प्रत्येक कागदावर तेच उतरतं : मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा, मधे पांढरं कबुतर, खाली हातात हात. मोठ्यांना काय हवंय ते मुलांना पक्कं ठाऊक असतं. तेवढं देऊन ती मोकळी होतात. तोच पोरगा मधल्या सुट्टीत शेजारच्याच्या बोलण्याची नक्कल करून त्याला रडकुंडीला आणतो. कबुतराचा आणि त्याचा संबंधच आलेला नसतो.

म्हणून मी विषय बारीक देते. आमचा क्लास सोलापूरच्या पूर्व भागात. एकाच बोळात तेलुगू बोलणारं पद्मशाली विणकरांचं घर, पलीकडे कानडी, समोर उर्दू, आणि मराठी ज्याची त्याची आपापल्या हेलाची. यंत्रमागाची खडखड मात्र सगळ्यांना सारखीच. गृहपाठ एवढाच : आपल्या घरात नसलेली, शेजाऱ्यांकडे असलेली एक वस्तू तिथे बसून काढायची. मोबाइलवर फोटो काढून आणायचा नाही. त्या घरात तिला काय म्हणतात ते विचारून खाली लिहायचं.

एका मुलानं रिहल काढली. कुराण ठेवून वाचायची ती लाकडी घोडी. खोडून खोडून कागद झिजला होता. दोन फळ्या एकमेकींतून आरपार जातात, पण जोडल्यात कुठे, हेच त्याला कळेना. शेवटी त्या घरातल्या दादींनी रिहल मिटून, उघडून दाखवली. अख्खी एकाच फळीतून कोरलेली, कुठे खिळा नाही. चित्राखाली त्यानं लिहिलं, "रिहल. हात धुवून धरायची. दादी म्हणाल्या, घाई करू नको, आधी चहा पी." धर्म हा शब्द कुणी काढला नाही. पोराचं चिडवणं बंद झालं असं मी म्हणणार नाही. पण आधी 'त्या लोकांचं घर' होतं, ते आता 'दादींचं घर' झालंय.

"त्यांच्या घरी कशाला पाठवता?" असंही एका आईनं विचारलं. म्हटलं, मग त्यांच्या मुलीला तुमच्याकडे बोलवा. ती आली, आणि याच आईचं विड्या वळायचं सूप काढून गेली : तेंदूची पानं, कात्री, दोरा, सगळं जागच्या जागी. ते चित्र आता त्यांच्या भिंतीवर आहे.

लिखाणाचंही तसंच. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकरांना काय सांगायचं! पाणी आलं की बोळात भांडण ठरलेलं. ते भांडण मी लिहायला सांगते, फक्त 'मी' म्हणजे समोरची बाजू. एका मुलीनं शेजारच्या मोटरवाल्या काकू होऊन लिहिलं, "मी मोटर लावते कारण सासूबाईंना हंडा उचलत नाही. सगळ्या मला बोलतात ते मला ऐकू येतं. म्हणून मी दार लावून घेते." दाराचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं पाहिलं होतं. आणि शेवटी, स्वतःच्या नावानं : "तरीपण मोटर लावणं चूकच आहे."

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. काकूंची अडचण पुरती कळूनही ती आपल्या मतावर राहिली, आणि ते मत घरातल्यांकडून उसनं आणलेलं नव्हतं. घरातले तर नुसते शिव्याच देत होते. अशा वहीत मी शुद्धलेखन तपासत नाही. लाल पेन दिसलं की मूल पुन्हा निबंधातलं बोलायला लागतं.

जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेते. 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर, 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले आपले चौघे. एकतेवरचं तयार भाषण तिथे कुणालाही ठोकता येईल. मी फक्त नावं सुबक अक्षरांत लिहून घेते : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. लिहिता लिहिता एखादं विचारतंच, "बाई, धनशेट्टी म्हणजे आमच्यातले का?" मग दुसरं, "आणि सारडा कुणातले?" मी म्हणते, घरी विचारून या. घरी काय उत्तरं मिळतात ते दुसऱ्या दिवशी ऐकण्यासारखं असतं. काही आजोबा तर त्या निमित्तानं तासभर बोलत बसतात.

राहिला तुमचा नेहमीचा शेवटचा प्रश्न : यानं चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळेल का? समोरची वस्तू बघून काढायचा हात नक्की सुधारतो, त्या रिहलवाल्याचा सुधारलाच. भूमितीचं मात्र घरी बघा, ती माझ्याकडे कच्चीच राहते.