शार्लोटेनबुर्गमध्ये भाड्याचं घर: माझा अनुभव

बर्लिनमधला शार्लोटेनबुर्ग राजवाडा राणी सोफी शार्लोटसाठी १६९५ ते १६९९ दरम्यान बांधला. १७०५ मध्ये ती वारली आणि वाड्याला, भोवतीच्या वस्तीला तिचं नाव मिळालं. १९२० मध्ये बर्लिनमध्ये सामील होईपर्यंत शार्लोटेनबुर्ग हे वेगळं शहर होतं. वाडा पाहायला तिकीट लागतं, मागच्या बागेत मात्र कुणीही फिरावं. अशा ठिकाणी घराला गिऱ्हाईक कमी नसतंच.

मी वाड्याच्या दक्षिणेला, क्लाउझेनरप्लात्सच्या आसपास शोध घेतला. जाहिरातीतली ‘दोन खोल्या’ म्हणजे एक हॉल आणि एक बेडरूम. स्वयंपाकघर त्यात धरत नाहीत. जुन्या इमारतींत रस्त्याकडचा भाग आणि अंगणामागचा भाग वेगळे असतात. मागच्या घरात शांतता असते, पण खालच्या मजल्यांवर ऊन बेताचंच. हिवाळ्यात ते जाणवतं, म्हणून घर शक्यतो दुपारी पाहावं.

भाडं दोन आकड्यांत सांगतात. ‘काल्टमीटं’ हे नुसतं जागेचं भाडं. ‘वार्ममीटं’मध्ये इमारतीचा चालू खर्च आणि बहुधा हीटिंगही येतं, वीज आणि इंटरनेट सहसा नाही. डिपॉझिटला कायद्याची मर्यादा आहे: तीन महिन्यांचं काल्टमीटं, तेही तीन मासिक हप्त्यांत देता येतं. वार्ममीटंवर डिपॉझिट मागितलं तर सरळ नाही म्हणावं.

घर पाहायला जातानाच कागद एकाच पीडीएफमध्ये तयार हवेत: पासपोर्ट, शेवटच्या तीन पगारपावत्या, शूफाचा म्हणजे कर्ज-परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा दाखला. नव्यानं आलेल्यांकडे पावत्या नसतात. मग नोकरीचा करार द्यायचा. ‘घरी जाऊन पाठवतो’ म्हणणाऱ्याचं घर तोवर दुसऱ्याला गेलेलं असतं. चावी घेताना भिंतींचे डाग, मीटरचे आकडे लेखी नोंदवून सही घ्यावी, नाहीतर सोडताना ते डाग तुमच्या डिपॉझिटमधून निघतात.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’. इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण नुसता भाडेकरार चालत नाही. घरमालकाचं सहीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. पोटभाड्यानं देणारे ते द्यायला टाळाटाळ करतात, तेव्हा पैसे देण्याआधीच विचारावं. नोंदणीची वेळ बर्लिनमधल्या कुठल्याही नागरी कार्यालयात घेतली तरी चालते. शार्लोटेनबुर्गच हवं असा हट्ट धरू नये.

आणि टपालपेटीवर आपलं नाव लगेच लावावं. जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन आडनावच वाचतो. नोंदणीनंतर कर-क्रमांक टपालानंच येतो, आणि तो कंपनीला दिला नाही तर पुढे पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सर्वांत जड, कर कापला जाऊ शकतो.