लाकूड जपानचं, नट उद्यमबागेचा

"न बघता, न वाजवता, ४०-४५ वर्षांची जुनी गिटार परदेशातून मागवता, फसत नाही काय हो?" बेळगावच्या कॅम्पातली बँडवाली पोरं विचारतात, शेजारच्या शेडमधले विचारतात. काकू तर खोकं दिसलं की सुरू होते, "काय करूलास रे ह्या फळकुटांचं?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

फसतो की. फक्त कशात फसायचं ते आधी ठरवून ठेवलंय.

मी उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर काम करणारा माणूस. गिटारीत धातूचं जे काही असतं, ट्यूनरचं बुश, ब्रिजचे स्क्रू, लांब मानेच्या आत बसून ती सरळ राखणाऱ्या रॉडचा नट, ते सगळं दुपारच्या चहाच्या आत होऊन जातं. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपची तार तुटलेली असली तर मोटारी गुंडाळणारा एक दोस्त आहे. ती केसासारखी तार बघून आधी शिव्या घालतो, मग गुंडाळून देतो. तारा जिच्यावरून वळतात ती हाडाची पट्टी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घासून मिळते. तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या हाताला सहा तारांच्या खाचा म्हणजे किरकोळ काम. पण नेक, म्हणजे सतारवाल्यांच्या भाषेत दांडी, ती पिळवटलेली असेल तर ना उद्यमबाग कामाला येते ना मिरज. त्यामुळे फोटोत मी दांडी बघतो. बाकी रंग उडालेला असू दे, बटणं नसू देत, आवाजच येत नसला तर फारच छान, कारण भाव तिथेच पडतो.

जपानच्याच का? सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या कारखान्यांनी अमेरिकन गिटारींच्या नकला करता करता हात असा बसवला की मूळ कंपन्यांना घाम फुटला. मात्सुमोतो गावात फुजिजेन आणि मात्सुमोकु, हामामात्सुत तोकाई आणि यामाहा. फुजिजेनमधून ग्रेको आणि आयबानेझ या नावांच्या गिटारी निघायच्या. १९८२ पासून खुद्द अमेरिकेच्या फेंडर कंपनीने जपानी गिटारी तिथेच करवून घेतल्या. मला आवडतो तो ग्रेकोचा सरळपणा. मॉडेलच्या आकड्यातच किंमत: ईजी-५०० म्हणजे त्या वेळचे ५०,००० येन. पुष्कळ ग्रेकोंच्या नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं, पुढचे दोन आकडे सालाचे. सी ७९ म्हणजे मार्च १९७९. आमच्या जॉबकार्डावर तरी एवढं स्पष्ट कुठे असतं!

'लॉसूट गिटार', म्हणजे कोर्टात दावा झालेली गिटार, म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर मात्र हसून पुढे जा. दावा झाला तो १९७७ मध्ये, गिब्सन या अमेरिकन गिटारवाल्यांच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या शाखेवर घातलेला, तोही गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून, आणि कोर्टाबाहेर मिटला. त्या एका दाव्याच्या नावावर आज कुठलीही जपानी नक्कल खपवतात.

लिलाव बहुतेक जपानच्या याहू ऑक्शन या साइटवर. तिथे जपानमधला पत्ता लागतो, म्हणून मधे एजंट. तो स्वतःच्या नावाने बोली लावतो आणि माल त्याच्या गोदामात उतरवून घेतो. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, त्यामुळे रात्री दहाला संपणारा लिलाव आपल्याकडे साडेसहाला, ऐन दिवेलागणीला संपतो. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली वाढवली की बऱ्याच लिलावांत वेळ आणखी पाच मिनिटं सरकते. शेवटच्या सेकंदाला झडप घालायची हुशारी तिथे चालत नाही. आकडा आधी कागदावर लिहायचा आणि फोन काकूकडे द्यायचा.

जपानी येत नाही, पण चार शब्द पाठ केलेत. 'जुनझोरी' म्हणजे दांडी पुढे वाकलेली. रॉड आवळला की बहुधा सरळ होते. 'ग्याकुझोरी' म्हणजे मागे वाकलेली, इथे जपून. 'नेजिरे' म्हणजे पीळ. पान बंद करा. आणि 'योयू आरी', रॉडमध्ये अजून वाव आहे. हे दोन शब्द दिसले की मी हजार येन जास्त मोजतो.

खर्चाचं विचाराल तर बोली ही निम्मी गोष्ट. एजंटचं कमिशन, तिथलं भाडं, मग इथवरचं भाडं, आणि त्यात कुरिअरवाला वजनापेक्षा खोक्याचा आकार मोजतो. ड्यूटीसुद्धा नुसत्या बोलीवर लागत नाही, भाडं-विमा धरून झालेल्या रकमेवर लागते. २४,००० येनला घेतलेली ग्रेको शहापुरात दारात येईपर्यंत दुपटीच्या पुढे गेली होती.

तीच ग्रेको नडली. विकणाऱ्याने दांडी सरळ म्हणून लिहिलं होतं, फोटोतही सरळच. खोकं आलं जुलैत. तुम्हाला आमचा जुलै माहीत आहे, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा ओलं होतं. मात्सुमोतो डोंगरांमधलं कोरडं गाव. आठवडाभरात फ्रेटबोर्डच्या, म्हणजे दांडीवरच्या बोटं दाबायच्या फळीच्या, लाकडाने पाणी धरलं, दांडी मागे वाकली आणि पहिल्या चार-पाच फ्रेटांवर, म्हणजे पडद्यांवर, तारा खरखरायला लागल्या. रॉड सैल करायला गेलो तर तो आधीच पूर्ण सैल. असला रॉड एकाच बाजूला ओढतो. सैल झाल्यावर त्याच्या हातात काही उरत नाही. मी विकणाऱ्याला पोटभर बोललो, अर्थात मराठीत आणि घरातच.

काकूने ती उचलून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, पापडांच्या डब्याशेजारी ठेवली. जाड तारा चढवून ठेवा, ओढ वाढेल, हे मिरजेच्या कारागिराने सुचवलं होतं, तेही केलं. दिवाळीला फराळाचे डबे काढताना ती खाली आली. पट्टी लावून बघितली तर वाक निम्म्याहून कमी. डिसेंबरात रॉड पाव फेरा आवळावासुद्धा लागला.

माणूस खोटं बोलला नव्हता. आता मे उजाडला की मी बोली लावत नाही. पावसाळा सरेपर्यंत नुसती पानं बघतो आणि स्क्रू पाडून ठेवतो.