गारिफुनांचा पुन्ता, आधी शब्द आणि मग नाच

न्यूयॉर्कच्या आसपास उन्हाळ्यात भरणाऱ्या लोककला महोत्सवांना मी आवर्जून जातो, पण तिथल्या एका प्रकाराचा मला नेहमी त्रास होतो. प्रत्येक पथकाच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो आणि त्यामुळे ज्याला हमखास टाळ्या पडतात तेवढेच सादर होते. गेल्या उन्हाळ्यात गारिफुना कलावंतांच्या एका पथकाने मात्र हा क्रम जाणूनबुजून बदलला. ज्या नाचासाठी लोक गर्दी करून उभे होते, तो पुन्ता त्यांनी शेवटी ठेवला आणि सुरुवातीचा बराच वेळ श्रोत्यांना आपली भाषा शिकवण्यात घालवला. माझ्या शेजारचे काही जण कंटाळून निघून गेले. त्यांचे नुकसान झाले, असे मी म्हणेन.

गारिफुना समाज घडला तो कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट बेटावर, आफ्रिकी वंशाचे लोक आणि तिथले मूळचे अरावाक व कॅरिब लोक यांच्या मिसळण्यातून. हे लोक त्या बेटाला युरुमेइन म्हणतात. बेट इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर गारिफुनांनी जमिनीसाठी त्यांच्याशी दोन युद्धे केली. गारिफुनांचा नेता जोसेफ शातोये मार्च १७९५ मध्ये मारला गेला आणि पाडाव झालेल्यांना बालिसो नावाच्या लहानशा बेटावर डांबण्यात आले, जिथे रोगराईने निम्म्याच्या आसपास माणसे दगावली. जे उरले त्यांना १७९७ मध्ये जहाजांत भरून होंडुरासच्या किनाऱ्यासमोरील रोआतान बेटावर नेऊन सोडले. तिथून त्यांच्या वस्त्या होंडुरास, ग्वाटेमाला, बेलीझ आणि निकाराग्वाच्या किनाऱ्यांवर पसरल्या. न्यूयॉर्कमधील ब्राँक्सची मोठी वस्ती ही विसाव्या शतकातली गोष्ट.

हा सगळा प्रवास पथकातील एका ज्येष्ठ बाईंनी भाषण न करता, केवळ आकडे मोजायला लावून आमच्यापुढे उभा केला. आबान, बियामा, उरुवा हे पहिले तीन आकडे आम्ही त्यांच्यामागून अडखळत म्हटले. चार आला तेव्हा गादुरु आणि पाच आला तेव्हा सेंगु ऐकून गर्दीतील फ्रेंच जाणणारे हसू लागले, कारण तिथून पुढची मोजणी फ्रेंचमधून आलेली आहे. भाषेचा सांगाडा अरावाक कुळातला, त्यावर कॅरिब शब्दांचा थर, मग फ्रेंच, पुढे स्पॅनिश आणि इंग्रजी. ज्यांच्याशी व्यवहार झाला आणि ज्यांच्याशी लढाई झाली, त्या सगळ्यांचे काही ना काही या भाषेत राहिले आहे.

मग त्यांनी एका गाण्याचे धृपद शिकवले. ते नीट जमल्यावरच पुन्ता म्हणजे काय ते सांगितले, आणि तेव्हा मंडपातील हवाच बदलली. माणूस गेल्यानंतर नऊ रात्री चालणाऱ्या जागरणाला बेलुरिया म्हणतात आणि पुन्ता हा त्या जागरणातला नाच आहे. कंबरेच्या ज्या वेगवान हालचालींमुळे तो पर्यटकांना उत्सवी किंवा शृंगारिक वाटतो, त्याच हालचाली गावात मृताच्या अंगणात, रडून थकलेल्या नातेवाइकांच्या समोर होतात. गाणी बहुतेक बायकांनी रचलेली असतात आणि त्यांत आजारपण, परगावी गेलेला नवरा, न परतलेला मुलगा असे विषय येतात. शब्द कळत नसतील तर प्रेक्षकाच्या हाती फक्त कंबर लागते. हा दोष प्रेक्षकाचा नाही, पण तो दूर करता येतो, हे या पथकाने दाखवले.

पुन्त्यातील शब्द आणि नाच यांची ही फारकत महोत्सवांमुळेच झाली असेही नाही. बेलीझमधील डांग्रिगा या गावात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेन कायेतानो या चित्रकार-संगीतकाराने पारंपरिक ठेक्याला विजेच्या गिटारची जोड दिली आणि पुन्ता रॉक जन्माला आला. त्यामुळे तरुण मुले आपल्या भाषेत गाऊ लागली, हा त्याचा मोठाच फायदा. मात्र पुढे पुढे तो निव्वळ जल्लोषाचा प्रकार होत गेला. अँडी पालासिओ याच मुशीतला गायक. तरुणपणी निकाराग्वात साक्षरता मोहिमेवर गेला असताना, तिथे गारिफुना बोलणारे फक्त म्हातारेच उरलेले त्याने पाहिले आणि आपल्या गावाचेही उद्या हेच होईल या जाणिवेने तो हादरला. २००७ च्या ‘वातिना’ या ध्वनिमुद्रिकेत तो जुन्या, संथ गाण्यांकडे वळला तो याच धास्तीतून. जानेवारी २००८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याचा वारसा पुढे नेणारा होंडुरासचा ऑरेलिओ मार्टिनेझ मार्च २०२५ मध्ये रोआतानजवळच्या विमान अपघातात गेला. पथकाने त्या दोघांचे स्मरण केले, तेही गाऊनच.

कार्यक्रमानंतरच्या कार्यशाळेत मला ढोल जवळून पाहता आले. अखंड लाकूड पोखरून केलेल्या खोडावर कातडे दोरांनी ताणलेले असते आणि त्या कातड्यावरून आडव्या तारा नेलेल्या असतात, त्यामुळे थाप पडताच मूळ आवाजाबरोबर एक झणझणाट उठतो. मोठा ढोल सेगुंडा. तो ठेका धरून बसतो आणि जागचा हलत नाही. लहान ढोल प्रिमेरो, आणि मनसोक्त खेळायची मुभा त्याला. मात्र वानारागुआ या नाताळच्या सुमारास होणाऱ्या मुखवट्याच्या नाचात ही मुभा नर्तकाकडे जाते. गोऱ्या चेहऱ्याचा जाळीदार मुखवटा घातलेला नर्तक, गुडघ्यांना शिंपल्यांच्या माळा बांधून, कधी अचानक थांबतो, कधी दुप्पट वेगाने पाय टाकतो, आणि प्रिमेरो वाजवणाऱ्याला त्याच्या पायांवरची नजर हटवता येत नाही. कार्यशाळेतला नर्तक वादकाला मुद्दाम चकवत होता, आणि वादक एकदाही चुकला नाही.

पूर्वजांसाठी होणारा दुगू हा विधी तुम्ही का दाखवत नाही, असे एकाने विचारले. तो मंचासाठी नाही, एवढेच उत्तर मिळाले. मला ते पटले. आपला गोंधळ मंचावर आला तेव्हा संबळ आले, दिवटीही आली, पण ज्या घरचे लग्न ते घर काही आले नाही.

युनेस्कोने २००१ मध्ये गारिफुनांची भाषा, नृत्य आणि संगीत यांचा गौरव केला तो तिन्हींचा मिळून, एकाच नावाखाली. आयोजकांना मात्र भाषेसाठी मंच द्यावासा वाटत नाही. कार्यशाळेचा तंबू मैदानाच्या टोकाला होता आणि नेमक्या त्याच वेळी मुख्य मंचावर दुसरा कार्यक्रम लावलेला होता. महोत्सवानंतर आलेल्या अभिप्रायाच्या अर्जात मी दोन सूचना लिहिल्या: पथकांना निदान दीड तास द्यावा आणि धृपदे अर्थासह कार्यक्रमपत्रिकेत छापावीत. दुसरीला तर खर्चही फारसा नाही.